अल्सिंडर गेल्यानंतर

१९६९ साली ल्यू अल्सिंडर पदवी घेऊन लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाबाहेर पडला, तेव्हा तेथील बास्केटबॉल संघाचे आता कसे होणार, ही चिंता अस्थानी नव्हती. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेल्या या सातफुटी तरुणाच्या तीन वर्षांत संघाने ९० पैकी ८८ सामने जिंकले होते.

संघाचे शिक्षक जॉन वूडन हे मूळचे शाळामास्तर. दुसरा अल्सिंडर शोधीत न बसता त्यांनी खेळाची रचनाच पालटली. पूर्वी चेंडू टोपलीजवळच्या त्या एकाकडे जाई; आता तो पाचही जणांच्या हाती फिरू लागला, आणि प्रत्येकाची सरासरी दहा गुणांपलीकडे गेली. इतके दिवस ही मंडळी त्या वटवृक्षाखाली झाकली गेली होती की काय, कोण जाणे!

खरी कसोटी लागली ती मार्च १९७० च्या अंतिम सामन्यात. जॅक्सनव्हिलचा आर्टिस गिलमोर सात फूट दोन इंच. त्यास अडवावयाचे सहा फूट आठ इंचांच्या सिडनी विक्सने. आरंभी विक्स त्याच्या पुढे उभा राहिला, तो चेंडू डोक्यावरून जाऊ लागला. वूडन यांनी त्यास मागे उभे केले. मग गिलमोरने चेंडू उचलावा आणि विक्सने उडी घेऊन तो परतवावा, असे वारंवार घडले. गिलमोरच्या २९ फेकींपैकी ९ टोपलीत पडल्या, व ८० विरुद्ध ६९ गुणांनी अजिंक्यपद लॉस एंजेलिसकडेच राहिले.