अवकाशातील यंत्रहस्त आणि त्याची पकड

नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ या अमेरिकी अवकाशयानातून कॅनडात तयार झालेला, सुमारे १५ मीटर लांबीचा यंत्रहस्त प्रथमच अवकाशात गेला. ‘कॅनडार्म’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या हाताला पृथ्वीवर स्वतःचा भारही पेलवत नसे. कक्षेत मात्र तो अवजड उपग्रह हलवी, कारण तेथे वजन जाणवत नाही. वस्तूचे जडत्व, म्हणजे आहे त्या स्थितीत राहण्याची तिची प्रवृत्ती, तेथेही कायम असते, आणि म्हणून हलू लागलेली वस्तू तितक्याच बेताने थांबवावी लागते.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेला ‘कॅनडार्म-२’ १७.६ मीटर लांबीचा आणि सात सांध्यांचा असून, त्याची दोन्ही टोके सारखीच असल्यामुळे एक टोक आधारात अडकवून दुसरे पुढे टाकीत तो जळूसारखा सरकतो. त्याची पकड विशेष पाहण्याजोगी आहे. टोकाच्या पोकळ नळकांड्यात तारांचे तीन फास असतात. समोरच्या वस्तूवरील दांडा आत आला की कडे फिरते, तारा दांड्याभोवती आवळल्या जातात आणि मग तो आत ओढून घट्ट धरला जातो.

पण ज्या उपग्रहावर असा दांडाच नाही, तो धरायचा कसा? बहुतेक उपग्रह पुन्हा कोणी हात लावणार नाही अशा समजुतीने बांधले जातात, त्यांच्या इंधनाच्या झडपा उड्डाणापूर्वीच टोपणे आणि तारा लावून कायमच्या बंद केल्या जातात, आणि इंधन संपले की धडधाकट उपग्रहही निकामी ठरतो. ही उधळपट्टी खरोखर खेदजनक आहे. म्हणूनच स्थानकावरील ‘डेक्स्टर’ या दोन हातांच्या यंत्रमानवाने पृथ्वीवरील चालकांच्या आज्ञेनुसार २०१२ मध्ये सुरक्षातारा कापल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये नमुन्यादाखल ठेवलेल्या झडपेतून इथेनॉल भरून दाखवले, या चाचणीचे मोल फार मोठे आहे. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये एका सेवायानाने ‘इंटेलसॅट-९०१’ या जुन्या उपग्रहाला गाठले, तेव्हा पकडण्यासाठी त्याला उपग्रहाच्या इंजिनाच्या तोंडाचाच आधार घ्यावा लागला.

डिसेंबर २०२४ मध्ये इस्रोनेही पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावर दोन यंत्रहस्त पाठवले: एक सात सांध्यांचा, टोकांच्या आधाराने चालणारा, आणि दुसरा, कॅमेऱ्याने वस्तूच्या हालचालीचा वेध घेऊन अवकाशातील कचरा पकडण्याच्या तंत्राची चाचणी घेणारा.