पाळीचा हिशोब

बायाबाप्यांनो, आजचा विषय ऐकून मागे बसलेल्या बाप्यांनी उठून जाऊ नये. आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. पण घरात कावळा शिवला की आम्हीही ओटीवर जाऊन बसत असू. त्याची किंमत आमच्या मंडळींनी भरली.

त्यांच्या अंगावर दहा-दहा दिवस जाई. शेजारणी म्हणत, “असता तसा. बायलमाणसाचो भोग तो.” आम्ही देवळात गाऱ्हाणे घातले, नारळ दिला. एक दिवस त्यांना विहिरीवर घेरी आली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेले. अंगातले रक्त फार कमी झाले होते. औषधाने त्या बऱ्या झाल्या, पण दोन वर्षे उगाच सोसले.

समुद्राची भरती आपले रापणकर तिथीवरून सांगतात. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. पाळी मात्र तिथी बघून येत नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. 21 दिवस भरोत की 35, दोन्ही ठीक. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी घाबरू नये. रक्त 2 ते 7 दिवस जाते. सगळे मिळून 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ती घाण नव्हे. पिशवीने बाळासाठी अंथरूण घातलेले असते. बाळ राहिले नाही की ते उतरते, एवढेच. मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षे चुकतमाकत येते. चाळिशीनंतर पुन्हा हिशोब बिघडतो आणि पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते.

कोकणातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून शरीराच्या अशा गोष्टी छापल्या. त्यांच्यावर खटले झाले. तुम्ही आज येथे बसून ऐकता आहात, हे काही थोडे नव्हे.

आता भिण्यासारखे काय ते ऐका. सात दिवसांवर रक्त जाणे, तासा-दोन तासांत कपडा भिजणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणे, दिवस गेलेले नसताना तीन महिने पाळी न येणे. असे झाले तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ते कर्करोगाचे चिन्ह असू शकते. त्यात लाज धरू नका.

आमची नात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने फुली मारते. परवा तिने आम्हालाच विचारले, “आजोबा, अठ्ठावीस झाले, बरोबर मां?” आम्ही चष्मा लावून मोजले. तीस झाले होते. म्हटले, “तेही बरोबरच.”