कानाआधीं डोळा

ग्रामोफोनची तबकडी ही ऐकण्याची वस्तु. परंतु तिच्या जन्माच्या वेळीं तिची परीक्षा डोळा करितो. हें ऐकून कोणासहि नवल वाटेल. पण त्याचें कारण सरळ आहे.

मूळ तबकडी म्हणजे अॅल्युमिनियमचा पत्रा व त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा गुळगुळीत थर. हा थर इतका मऊ असतो कीं, वाजविण्याची सुई एकदां फिरली तरी खांचेतील बारीक नक्षीस इजा पोंचते. याच तबकडीवर पुढें चांदीचा लेप व निकेलचा मुलामा चढवून ठसे काढावयाचे आणि त्या ठशांनीं प्रती छापावयाच्या. वाजवून पाहावी तर मूळ प्रत बिघडते. न तपासतां धाडावी तर तिचा दोष प्रत्येक प्रतींत उतरतो. या पेंचांतून सूक्ष्मदर्शकानें वाट काढली.

बर्लिनच्या नॉयमान कंपनीनें बनविलेल्या कर्तनयंत्रांवर सूक्ष्मदर्शक जोडलेला असे. १२ इंची तबकडीसाठीं कारागीर १४ इंची कोरी तबकडी घेतो. कडेच्या जास्त जागेंत तो प्रथम एक मुकी खांच कोरून पाहतो. भिंगाखालीं नांगरलेल्या शेताप्रमाणें सरी आणि वरंबा दिसूं लागतात. सरीच्या भिंती लखलखीत व कडा स्वच्छ असल्या, तर काम ठीक. भिंती धुरकट दिसल्या, तर कोरणाऱ्या माणकाचें टोंक बोथट झालें असावें किंवा त्यास द्यावयाची उष्णता कमी पडली असावी.

मग खरें गाणें कोरलें जातें. मिनिटास ३३⅓ फेरे या गतीनें २० मिनिटांच्या गायनास सुमारें ६६७ फेरे लागतात. ते सुमारें ८ सेंटिमीटर रुंदींत बसवावयाचे, म्हणजे एका मिलिमीटरांत सरासरी आठ सऱ्या! मोठ्या आवाजाचा खर्ज आला कीं सरी दोहों बाजूंस झोके घेते. वरंबा फुटला, तर शेजारच्या सऱ्या एकमेकींत मिसळतात व वाजतांना सुई उडी मारते. द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, मुद्रणांत सरी वरखालींहि होते. दोन्ही मार्गांतील खर्ज परस्परविरुद्ध पडला, तर ती उथळ होऊन क्वचित् नाहींशीहि होते. असा दोष खोडतां येत नाहीं. नवी तबकडी घेऊन ती बाजू आरंभापासून कोरावी लागते.

आणि कोरी तबकडी ही कांहीं मुबलक वस्तु नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्यें कॅलिफोर्नियांतील बॅनिंग येथें अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. अशा तबकड्या बनविणारे मोठे कारखाने तेव्हां जगांत दोनच होते, दुसरा जपानांत. या धंद्यांत एक तबकडी वांयां जाणें किती जड असतें, हें त्या आगीनें सर्वांस कळलें.

छापखान्यांत मुद्रितें तपासणाराचें नांव वाचकास ठाऊक नसतें. सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसलेल्या या कारागिराचेंहि तसेंच आहे. सुई शेवटच्या फेऱ्यापर्यंत न अडखळतां गेली, कीं त्याचें काम चोख झालें असें समजावें.