वाद, जल्प आणि वितंडा



बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचू नयेत हे आपल्याला कळतं, तरी रात्री साडेअकराला आपण त्याच वाचत बसतो. पहिल्या पाचदहांत विषय असतो, मग एकमेकांची जात, देश आणि अक्कल निघते. भांडणाऱ्यांचं यात फारसं बिघडत नाही, त्यांची मतं ठरलेलीच असतात. बिघडतं ते गप्प वाचणाऱ्याचं.

डॉमिनिक ब्रोसार्ड, डीट्राम शॉयफेले आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांवरचा एकच तटस्थ लेख १,१८३ लोकांना वाचायला दिला. काहींना खालच्या प्रतिक्रिया सभ्य भाषेत दिसल्या, काहींना शिवराळ. शिवराळ प्रतिक्रिया वाचल्यावर ज्यांचा या तंत्रज्ञानाला पाठिंबा कमी होता त्यांना धोका जास्त वाटू लागला, पाठिंबा असलेल्यांना कमी. लेख तोच! 'पॉप्युलर सायन्स'ने २०१३ साली वाचकांच्या प्रतिक्रिया बंद केल्या, त्या याच अभ्यासाचा हवाला देऊन.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं. (या शब्दाला मराठीत भांडणाचा वास कधी लागला कोण जाणे.) जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नसते, फक्त समोरच्याची मोडायची. छलाचं वात्स्यायनाने दिलेलं उदाहरण झकास आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे नव्या घोंगडीचा. दुसरा लगेच विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते! आज ही कोटी शंभर 'लाइक' घेऊन जाईल.

न्यायसूत्रं जल्प-वितंडा सरसकट टाकाऊ मानत नाहीत. कोवळ्या रोपाला काटेरी कुंपण लागतं, असं म्हणतात. पण थोडं कटू बोलते. आपण पुरोगामी मंडळी नुसतीच कुंपणं घालत सुटलो आहोत. गोमूत्रावर टोमणा मारायला अर्धा मिनिट लागतो, आणि टाळ्या आपल्याच लोकांच्या मिळतात. "मग अमक्याबद्दल का बोलत नाही?" असं कोणी म्हटलं की आपण तासभर अमक्याबद्दल बोलतो. त्याऐवजी "तुमचं स्वतःचं म्हणणं काय?" एवढं विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर सरळ झोपायला जावं.

गप्प वाचणारं माणूस कोण असतं? आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गोवराच्या लशीवरून दोन काकांची जुंपली होती. वर्षाचं होत आलेलं बाळ असलेली माझी भाची तिथे एक अक्षर बोलली नाही. तिने मला फोन केला. "मावशी, ते ऑटिझमचं खरं आहे का गं?" तिला सांगितलं, वेकफिल्डचा १९९८चा लेख बारा मुलांवरचा होता, 'लॅन्सेट'ने तो २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची माहिती तपासली, तो अभ्यास २०१९ साली आला. लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. मग तिने ताप येतो का, दुसरा डोस कधी, असं विचारलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली. गटावर दोन्ही काका अजून लिहीतच होते.