निर्मळ अहवालाचा अर्थ : फुप्फुसाचा कर्करोग आणि लसीका ग्रंथींची रेणवीय तपासणी



फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली की रुग्णाचे आप्त ज्या कागदाची आतुरतेने वाट पाहतात, तो असतो लसीका ग्रंथींच्या तपासणीचा अहवाल. ‘ग्रंथींत कर्कपेशी आढळल्या नाहीत’ हे वाक्य वाचताच घरादाराचा जीव भांड्यात पडतो. तरीही अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत काही काळाने रोग पुन्हा डोके वर काढतो. शस्त्रक्रियेत चूक झालेली नसते, अहवालही खोटा नसतो. मग रोग दडला होता कोठे? रेणवीय तपासणीचा विचार या प्रश्नातून पुढे आला.

फुप्फुसातून वाहणारा लसीका नावाचा द्रव या ग्रंथींतून गाळला जातो. मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी बहुधा तेथेच प्रथम अडकतात. म्हणून रोगाची अवस्था ठरविताना ग्रंथींना मोठे महत्त्व आहे. रोग त्याच बाजूच्या फुप्फुसातील वा त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींत असेल तर ‘एन-१’, दोन्ही फुप्फुसांमधील जागेत त्याच बाजूला असेल तर ‘एन-२’ आणि विरुद्ध बाजूस किंवा मानेच्या तळाशी पोहोचला असेल तर ‘एन-३’ असे म्हणतात. शस्त्रक्रिया करावी की नाही, आणि औषधोपचार आधी द्यावेत की नंतर, हे बऱ्याच अंशी या क्रमावर ठरते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. क्षयरोगाने सुजलेली ग्रंथी पेट स्कॅनमध्ये कर्करोगाच्या ग्रंथीसारखीच उजळते. केवळ त्या चित्रावर विसंबल्यास बरा होऊ शकणारा रुग्णही शस्त्रक्रियेला मुकेल. म्हणून श्वासनलिकेत दुर्बीण घालून, अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने ग्रंथीत सुई टोचून नमुना घेतला जातो आणि निर्णय प्रत्यक्ष पुराव्यावर सोपविला जातो.

परंतु त्या पुराव्यालाही मर्यादा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचा छेद साधारण चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढा असतो. एक सेंटिमीटरच्या ग्रंथीचे असे अडीच हजार छेद होतील. प्रत्यक्षात पाहिले जातात ते त्यांतले मोजकेच. जाडजूड ग्रंथाची दोन-चार पाने चाळून अमुक शब्द त्यात नाही असे सांगण्यासारखेच हे आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या एका अभ्यासगटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नेहमीच्या पद्धतीने निर्मळ ठरलेल्या ग्रंथी विशिष्ट प्रतिपिंडांनी रंगवून पुन्हा तपासल्या. तेव्हा ५८० रुग्णांपैकी १३० जणांच्या ग्रंथींत दडलेल्या कर्कपेशी सापडल्या आणि या रुग्णांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी भरले.

रेणवीय तपासणी याच्याही पुढे जाते. ती पेशीचा आकार पाहत नाही, तिच्या खुणा शोधते. ‘कायटोकेरेटिन-१९’ हे प्रथिन फुप्फुसाच्या अनेक कर्कपेशींत तयार होते, निरोगी लसीका ग्रंथीतील पेशींत मात्र सहसा नसते. ते तयार करण्याचा आदेश वाहणारा आरएनए ग्रंथीत सापडला, तर परके कोणी तेथे येऊन गेले असावे असा संशय बळावतो. जपानी संशोधकांनी २००० साली मांडलेल्या ‘लॅम्प’ पद्धतीत एकाच तापमानाला, सुमारे ६५ अंश सेल्सिअसला, जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती होतात आणि द्रावण गढूळ होते. या गढूळपणावरून मूळ द्रव्य किती होते, हे यंत्र मोजते. या तत्त्वावरची ‘ओस्ना’ चाचणी प्रथम स्तनाच्या कर्करोगात वापरली गेली आणि पुढे फुप्फुसाच्या कर्करोगातही तिचा अभ्यास झाला. शस्त्रक्रिया चालू असतानाच तिचा निष्कर्ष हाती येऊ शकतो.

तथापि या चाचणीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. तीत ग्रंथीचा भाग द्रावणात विरघळवावा लागतो, त्यामुळे तो पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही. काही गाठी हे प्रथिन तयारच करीत नाहीत, त्या निसटतात. उलट, एखादी नगण्य भेसळही इतक्या तीक्ष्ण चाचणीला फसवू शकते. शिवाय जनुकीय खूण सापडली म्हणजे तेथे जिवंत पेशीने मूळ धरले आहे, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, केवळ रेणवीय चाचणीत खूण सापडलेली ग्रंथी अजूनही ‘एन-शून्य’ गटातच धरतात. फक्त तशी नोंद सोबत करतात. एवढ्याच पुराव्यावर रुग्णाला जड रसायनोपचार देण्याचा प्रघात अद्याप रूढ झालेला नाही.

आणि चाचणी कितीही सूक्ष्म असली, तरी जी ग्रंथी काढलीच नाही, तिच्याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेत किमान सहा ग्रंथी, त्यांपैकी तीन दोन्ही फुप्फुसांमधल्या जागेतील, तपासल्या जाव्यात असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तेव्हा निर्मळ अहवाल हाती आला की आप्तांनी समाधान अवश्य मानावे. पण किती ग्रंथी काढल्या, कोठल्या काढल्या आणि त्या कोणत्या पद्धतीने पाहिल्या, एवढे डॉक्टरांना विचारावे. त्यात अविश्वास नाही. पुढील तपासण्या किती दक्षतेने करावयाच्या, हे त्या उत्तरांवरून ठरविता येते.