कोमटपणाचे भय



लक्ष्मीनारायणाच्या या गावात मी ख्रिस्ती जीवनाविषयी बोलणार, याचे कोणाला नवल वाटेल. पण ज्या रोगाविषयी मला बोलायचे आहे, तो सर्व धर्मांच्या दारी येतो. आध्यात्मिक औदासीन्य हे त्याचे नाव.

बायबलाच्या अखेरच्या ग्रंथात सात मंडळ्यांना पत्रे आहेत. त्यांतले लावदिकीया हे सधन शहर. तेथील भाविकांवर पाखंडाचा आरोप नाही. आरोप एवढाच, की ते थंड नाहीत, ऊनही नाहीत. कोमट आहेत, आणि आपल्याला काही उणे नाही असे समजतात. ज्याला थंडी वाजते तो शेकोटी शोधतो. कोमट माणसाला काहीच वाजत नाही. खरे भय आहे ते येथे.

आता आपल्या कोकणातला माणूस पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तस्वकीय दुरावले. लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग झाला. त्या संकटाने त्यांची श्रद्धा विझली नाही. पुढे मिशनचे काम मिळाले, कवी म्हणून कीर्ती मिळाली. सामान्य माणूस येथे स्वस्थ बसला असता. टिळकांना मात्र दिसले, की परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या विचारावर विसंबून आपली मंडळी निजत चालली आहे. 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा आधार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 साली टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. म्हणून त्यांचे पाऊल चुकले, असे मी म्हणणार नाही. संस्था मोडली तरी जाग आलेली असते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा. पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. तोवर शारदासदनासारखे थोर कार्य त्यांच्या हातून उभे राहिले होते! म्हणजे सत्कार्याच्या आडही हा रोग लपू शकतो.

कोणी विचारील, रोज भावनेचा पूर यावा काय? नाही. पूर ओसरतोच. शुष्क दिवस संतांनाही आले. पण त्या शुष्कतेची त्यांना तळमळ होती. तळमळच संपली, की प्रार्थना पाठांतर होते आणि शेजाऱ्याचे दुःख बातमी होते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर, देव्हाऱ्यापुढे असो वा क्रूसापुढे, स्वतःला विचारावे: गेल्या वर्षभरात माझ्या धर्माने मला एखादी सोयीची गोष्ट सोडायला लावली काय? उत्तर ‘नाही’ असे आले आणि मनाला टोचले, तर भिऊ नये. टोचले म्हणजे अजून जीव आहे.