भावासाठी पिकअप



पत्रिकेवर माझा विषय 'सीमेवरचा गोवा' असा भारदस्त छापलाय. पण काल जेवताना तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: गावी धाकट्या भावाला जुनी पिकअप घेऊन द्यायचीय, कुठली घेऊ? एक पेडण्यातल्या मांद्र्याचे, दुसरे डिचोलीतल्या मयेचे, तिसरे हद्दीपलीकडच्या दोडामार्गचे. पैसे इथून जाणार, गाडी तिथे चालणार आणि निवड फोनवर आलेल्या सहा फोटोंवरून होणार. तेव्हा सीमा राहू दे, पिकअपबद्दलच बोलू.

इथे आखातात तुम्ही हायलक्स बघता. १९६८ पासून तिच्या पिढ्या होत गेल्या, दर पिढीला चेहरा बदलला. पुढचे दिवे पाहून साल सांगणारे या सभागृहातही असतील. ती सवय गावी उपयोगाची नाही. आपल्याकडची २०१६ ची बोलेरो पिकअप आणि २०२१ ची शेजारी उभी केली, तर नवख्याला बहिणी-बहिणी वाटतील. खरा फरक बॉनेटखाली आहे आणि तो सरकारी तारखांनी पाडला आहे. गाडीच्या धुराचा निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ झाला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. २०१७ आधीच्या बहुतेक गाड्या बीएस-३. नाव एकच, पण स्वभाव तीन.

बीएस-३ म्हणजे ढोबळमानाने यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन. धूर मारतं, गडगडतं, पण रस्त्याकडेचा कुठलाही फिटर पान्यांनी ते वळणावर आणतो. बीएस-४ मध्ये कॉमन रेल रुळलं, सेन्सर आले. दुरुस्तीआधी लॅपटॉप लावावा लागतो. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला. त्याला गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी हा फिल्टर जाळून टाकतो, पण त्यासाठी आतली उष्णता सहाशे अंशांच्या घरात जावी लागते. त्याला सलग, तापलेली धाव हवी.

मांद्र्याच्या भावाची धाव कशी आहे? सकाळी भाजी घेऊन पेडण्याच्या बाजारात, मग हरमलच्या शॅकवर पाण्याचे जार, वाटेत चार ठिकाणी इंजिन बंद. फिल्टर तापायच्या आत गाडी थांबते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा म्हणतोय, मला हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळव. आपला माणूस म्हणतो, चालतेय ना, मग चालू दे. शेवटी गाडी दम सोडते आणि टो करून मोठ्या वर्कशॉपला न्यावी लागते. अशा कामाला २०१७ ते २०२० मधली बीएस-४ घ्यावी, किंवा माल टनाच्या आत असेल तर सरळ पेट्रोलची छोटी गाडी. उदाहरणार्थ टाटा एस. ती २००५ मध्ये आली तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. बीएस-६ च्या वेळी तिच्यात पेट्रोलही आलं. पेडण्याच्या अरुंद पाणंदींत ती वळते, हे काही कमी नाही. साखळीहून चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला जाणाऱ्याने मात्र बीएस-६ बिनधास्त घ्यावी. घाट चढताना तिचा फिल्टर आपोआप साफ होतो.

आता गंज. पेडण्याच्या किनाऱ्याची खारी हवा, त्यात गोव्याचा वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. हौदा रंगवून देतात, चेसी कोणी बघत नाही. लहान हातोडीने ठोकून बघा: मागच्या पाट्यांचे शॅकल, क्रॉस मेंबरचे सांधे, केबिनखालचा भाग. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदाभद आला तर घरी जा. हे मी शिकलो ते पैसे मोजून. डिचोलीत मी एक कॅम्पर पिकअप घेतली होती. विकणारा म्हणाला, "गाडी एकदम बरी आसा." किलोमीटर कमी होते, रंग झकास होता. पहिल्याच पावसात चालकाच्या पायाखालचा पत्रा सुटला आणि खाली रस्ता दिसू लागला. रंगाच्या थराआड खाणीची लाल धूळ सिमेंटसारखी बसली होती.

डिचोलीचं हे वेगळं प्रकरण आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये दुसऱ्यांदा थांबल्या. टिपर दाराशी उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. खाणीत टायर, डिझेल, माणसं वाहणाऱ्या पिकअप मात्र गुपचूप बाजारात आल्या. अशी गाडी दिवसभर चालू असते, पण पळते थोडी. म्हणून मीटरवर विश्वास नको. एअर फिल्टरचं घर उघडून बोट फिरवा. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनातून वाफेसारखा धूर फसफसतो का बघा. डिचोलीची जीए-०४ पाटी दिसली की गाडी खाणीतलीच, असं नाही. पण विचारायला लाज कसली?

कागद. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. म्हणजे २०१९ ची गाडी २०२७ पासून दरवर्षी रांगेत. चॅसिस नंबरची सतरा अक्षरं मागवा. दहावं अक्षर बहुधा बनल्याचं साल सांगतं: एच म्हणजे २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०. आय गाळलेला असतो, त्यावरून फसू नका. विक्रेता '२०२० चं मॉडेल' म्हणत असेल आणि अक्षर के असेल, तर ती बीएस-४ आहे हे जवळजवळ ठरलंच. आणि आरसीवर एकूण वजन वाचा. ते ३००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही, वर गेलं तर लागतं. तुमचा भाऊ चिरे भरणार असेल, तर हिशोब आधीच करा. चिरा मापात भरतो, पण पाटे बसतात वजनाने.

मयेच्या दादांना माझं सांगणं एवढंच, की भावाला पहाटे सहाला विक्रेत्याच्या दारात पाठवा आणि फोन चालू ठेवायला सांगा. थंड इंजिनाचा पहिला आवाज तुम्ही इथून ऐका. आपण येण्याआधीच कोणी ते तापवून ठेवलं असेल, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

दोडामार्गवाल्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. गोव्याची गाडी एमएच-०७ करायची तर एनओसी आणि तिथला कर आलाच, ते निभेल. पण भावाने काल पाठवलेल्या आरसीच्या फोटोत खाली कर्ज देणाऱ्याचं नाव अजून आहे. बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका.